डब्याची रॉकेट चूल



गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्यांपुढं भल्या पहाटे चुली पेटतात. तीन दगड, मिळेल ते ओलंसुकं जळण आणि फुंकून फुंकून लाल झालेले डोळे. दिवसभर तोडणी करायची ती करायचीच, वर हा धूर. घरात गॅस आलेल्या सभासदांच्या परसातही अंघोळीच्या पाण्याला चूल असतेच. म्हणून हा विषय.

रॉकेट चुलीची रचना अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी १९८२ च्या सुमारास बसवली. नाव भारदस्त, पण गुऱ्हाळाचं चुलवाण आणि धुराडं ज्यानं पाहिलंय त्याला तत्त्व नवीन नाही. जाळाला उभी, गरम वाट दिली की हवा आपोआप खेचली जाते आणि धूर भांड्याला लागण्याआधीच जळतो. धूर म्हणजे तरी काय, न जळालेलं जळणच!

करायची अशी. गोडेतेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या. आत चार इंच व्यासाची नळी कोपरासारखी बसवा: आडवं तोंड खाली बाहेर, उभा भाग फूटभर उंच. नळीभोवतीची सगळी पोकळी चाळलेल्या कोरड्या राखेनं भरा. इथं माती ठासू नये. माती स्वतःच उष्णता पिते, राख ती आत कोंडून धरते. आडव्या तोंडात पत्र्याची फळी टाका. काटक्या फळीवरून, हवा फळीखालून. ही फळी लोक हमखास गाळतात आणि मग चूल धुरते. भांडं नळीच्या तोंडापासून इंचभर वर राहील असे तीन टेकू द्या. पत्र्याची नळी जाळानं लवकर खाऊन जाते. कुंभाराकडून भाजलेली नळी मिळाली तर उत्तम.

आता परीक्षा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तराजू घ्या. पाच लिटर पाणी दोन्ही चुलींवर उकळा, आधी आणि नंतर लाकूड तोला. हिशेब असा : २५ अंशांचं पाणी उकळायला सुमारे ३७५ किलोकॅलरी लागतात. किलोभर वाळल्या लाकडात साधारण ४२०० असतात. तीन दगडांच्या चुलीत त्यातला आठवा हिस्सा पाण्याला पोचला, तर पाऊण किलोच्या आसपास लाकूड जातं. रॉकेट चुलीत चौथा हिस्सा पोचला, तर साडेतीनशे ग्रॅम. तुमचा आकडा याच्या जवळ आला नाही, तर लाकूड ओलं आहे किंवा टेकू उंच झालेत.

सरकारनं १९८३ साली राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम काढला होता, तो २००२ मध्ये बंद झाला. बऱ्याच चुली दुरुस्तीअभावी मोडल्या. स्वतः केलेली चूल निदान स्वतःला दुरुस्त करता येते.

धूर कमी होतो, संपत नाही. तेव्हा बंद खोलीत किंवा कोपीच्या आत ही चूल पेटवू नये, विषारी वायूचा धोका राहतोच.

आणि पाचट यात कोंबू नका बरं का. भसकन् पेटतं, तसंच विझतं, तोंड चोंदतं. पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची रीत पुण्याच्या 'आरती' संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं बसवली. २००२ मध्ये त्यासाठी संस्थेला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी पाचट सरीतच कुजू द्यावं.