छिद्रांचे पुठ्ठे आणि सोलापूरचे गोडबोले

घरात सोलापुरी चादर असेल तर तिची नक्षी जरा निरखून पाहा. जॅकार्ड मागावर ही नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरील छिद्रे ठरवतात. छिद्र असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. छिद्र नसेल तिथे तो खालीच राहतो. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते, माग मात्र तोच! फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ जॅकार्डने ही युक्ती रूढ केली. यंत्र तेच ठेवायचे आणि आज्ञा बदलायच्या. सॉफ्टवेअर म्हणजे तरी दुसरे काय?

मागांच्या या गावात १९५० साली अच्युत गोडबोले यांचा जन्म झाला. हरिभाई देवकरण प्रशालेत शिकून ते मुंबईच्या आय.आय.टी.त गेले. मराठी माध्यमातून आल्यामुळे तिथे इंग्रजीने त्यांना बरेच सतावले. १९७२ साली ते केमिकल इंजिनिअर झाले. पुढे शहाद्याच्या आदिवासी चळवळीत उतरले, दहा दिवस तुरुंगातही राहिले. आणि मग वळले सॉफ्टवेअरकडे! पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत त्यांनी मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळल्या. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' या अवघड विषयावर त्यांनी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले. ज्या भाषेने छळले, तिच्यातच!

ही ऑपरेटिंग सिस्टिम करते काय? समजा, वर्गात गणिताचे मास्तर एकच आणि मुले चाळीस. मास्तर एकाचे गणित पुरे होईपर्यंत थांबले तर बाकीचे ताटकळतील. म्हणून घड्याळाचा ठोका पडला की ते वहीत खूण करून पुढच्या मुलाकडे जातात. फिरून आले की त्या खुणेपासून पुढे चालू. संगणकाचा प्रोसेसर म्हणजे हे मास्तर. कोणाकडे केव्हा जायचे हे ठरवणारी आणि वहीतली खूण सांभाळणारी आज्ञावली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. सेकंदात असे कितीतरी फेरे होतात. म्हणून गाणे चालू असतानाच तुम्हाला निबंधही टाइप करता येतो. आजच्या प्रोसेसरमध्ये असे चार-आठ मास्तर असतात, पण मुलेही शेकड्यांनी वाढली आहेत. तेव्हा वहीतली ती खूण अजूनही चुकवून चालत नाही.