सापडलं नाही म्हणजे छापलं नव्हतं?

सीमाभागात दोघांचा वाद तारखेवर आला की तिसरा म्हणतोच, "जुना पेपर काढून बघा." बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं, बाबूराव ठाकुरांचा 'तरुण भारत' 1919 चा. कागद आहे तो असा. पण 'आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, नाव टाकलं की बातमी येते' ही समजूत मात्र घाईची आहे.

पहिला घोटाळा स्कॅनचा. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातली अक्षरं ओळखून मजकूर तयार करणारं सॉफ्टवेअर वेगळं. 2005 साली सर्वांसाठी खुलं झालेलं टेसरॅक्ट त्यातलंच. त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही वाचण्याची सोय आहे, तीही फुकट. शोध घेतला जातो तो या मजकुरात, पानात नव्हे. खिळ्यांच्या छपाईत काना तुटलेला असतो, मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली असते आणि यंत्र 'निपाणी'चं 'निषाणी' करून मोकळं होतं. शिवाय स्तंभ नीट वेगळे काढले नाहीत तर तंबाखूच्या भावाची ओळ सभेच्या वृत्तांतात घुसते. ऑस्ट्रेलियाच्या 'ट्रोव्ह' या संग्रहात असा चुकीचा मजकूर वाचकच दुरुस्त करतात. आपल्याकडे ही सोय असती तर निवृत्त शिक्षकांनी एव्हाना अर्धा जिल्हा तपासून दिला असता.

मग निदान कॉम्प्युटरवर जुळवलेले अलीकडचे अंक तरी सहज सापडत असतील? तेही नाही. युनिकोड रुळण्याआधी मराठी पानं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये लागत. पडद्यावर देवनागरी दिसे, फाइलमध्ये भलतीच चिन्हं साठत. अशा पीडीएफमधून ओळ उचलून चिकटवली की कचरा हाती येतो. त्यासाठी आधी फाँट बदलणारा परिवर्तक चालवावा लागतो, किंवा पान पुन्हा चित्र समजून वाचून घ्यावं लागतं.

सीमाभागाची खरी अडचण मात्र शोधाच्या चौकटीत भरायच्या शब्दांची. 1962 चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत 'नाहीं', 'केलें', 'कांहीं' असं अनुस्वारांसकट छापलं जाई, आणि गावाचं नाव 'बेळगांव'. यंत्राला हे वेगळे शब्द वाटतात. इंग्रजी सूचीत बेल्गाम, 2014 च्या नोव्हेंबरनंतर बेळगावी. निपाणीचं स्पेलिंग कुठे एका 'पी'चं, कुठे दोन. त्यावर राज्याची गाळणी. 17 जानेवारी 1956 च्या बेळगावच्या गोळीबाराची बातमी 'कर्नाटक' निवडून शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला ते म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं 1973 मध्ये. तारीखही नेमकी 17 टाकू नये. घटना त्या दिवशीची असली तरी दैनिकात ती दुसऱ्या दिवशी येणार, साप्ताहिकात आणखी पुढे. पंधरवड्याची मुदत द्यावी आणि गाळणी सरळ काढून टाकावी, हे उत्तम.

आता सर्वांत महागात पडणारी समजूत: शोधात शून्य आलं म्हणजे त्या काळी कोणी दखलच घेतली नाही. एप्रिल 1925 मध्ये निपाणीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद झाली. तिचा वृत्तांत त्यांच्याच पत्रात असेल असं धरून कोणी 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' चाळले, तर काही मिळणार नाही. 'मूकनायक' 1920 मध्ये निघाला आणि 1923 मध्ये बंद पडला. 'बहिष्कृत भारत' सुरू झाला 3 एप्रिल 1927 ला. परिषद नेमकी मधल्या पोकळीत पडली. तिथे इतर पत्रांकडे वळायला हवं. तसंच मुंबई सरकारच्या अनुवादकांनी देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे आठवड्याला तयार केले होते, तेही पाहावेत. ते इंग्रजीत छापलेले असल्याने यंत्राला बरे वाचता येतात. एवढंच ध्यानात ठेवायचं, की ज्याने सरकारचे कान टवकारले तेच त्यात उतरलं. बाजारभाव, नाटकाच्या जाहिराती आणि गावची भांडणं मूळ अंकातच राहिली.

जुना अंक म्हणजे हक्कमुक्त, असंही नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं, आणि निनावी मजकुरासाठी प्रकाशनापासून 60 वर्षं हक्क टिकतो.

अलीकडे लोक चॅटबॉटलाच विचारतात, 'त्या दिवशीच्या पेपरात काय आलं होतं?' अंक समोर नसतानाही तो ऐटीत मथळ्यासकट उत्तर देऊ शकतो. अशा वेळी पत्राचं नाव, तारीख, पान क्रमांक आणि पानाचं चित्र मागावं. चित्र नसेल तर ते उत्तर वादात वापरू नये, आणि वाचनालयात जाऊन त्या महिन्याची फाइल मागावी.