ताप उतरला तरी नाडी मोजावी

लाटंबार्से हे डिचोली तालुक्यातील, दोडामार्गच्या सीमेलगतचे गाव. अशा गावांत पावसाळ्यात कोणी आजारी पडल्यास कपाळाला हात लावून ताप आहे की उतरला, हे ठरविले जाते. परंतु ताप हे शरीराच्या चार प्रमुख लक्षणांपैकी केवळ एक होय. नाडी, श्वसन आणि रक्तदाब ही उरलेली तीन. चारहींचा एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे.

ताप : काख कोरडी करून तापमापक लावावा. शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस (९८.६ अंश फॅरनहाइट) असते. काखेत ते थोडे कमी भरते.

नाडी : अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. मोजताना स्वतःचा अंगठा वापरू नये. त्यातील ठोक्यांमुळे गफलत होते. विश्रांती घेत असलेल्या प्रौढाचे ठोके ६० ते १०० असतात.

श्वसन : रुग्णाला न सांगता छातीची हालचाल मोजावी, सांगितल्यास श्वासाची गती बदलते. प्रौढांत ती मिनिटाला १२ ते २० असते. मूल शांत असताना दोन महिन्यांखालील अर्भकात ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास ते न्यूमोनियाचे लक्षण असू शकते.

रक्तदाब : पाच मिनिटे स्वस्थ बसवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. तत्पूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करावी. वारंवार १४०/९० किंवा अधिक आढळल्यास वैद्यकीय तपासणी करावी.

तापाबरोबर नाडी वाढणे स्वाभाविक आहे. मात्र डेंग्यूमध्ये ताप उतरतानाच धोका संभवतो. ताप उतरला, पण नाडी जलद व क्षीण, हातपाय थंड, पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा ग्लानी असेल, तर ते बरे होण्याचे चिन्ह नव्हे. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा गोव्यात २००८ पासून उपलब्ध आहे.

प्रत्येक मोजणी वेळेसह वहीत लिहावी. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना नाडी मोजण्यास शिकविल्यास हे ज्ञान घरोघरी पोहोचेल. एका आकड्यापेक्षा दर चार तासांच्या नोंदी डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतात. रुग्ण सुधारत आहे की खालावत आहे, हे त्यांवरून कळते.