टक्का नव्हे, वॉट मोजा : कमी शक्तीवरच्या अणुभट्टीचं गणित

रब्बी हंगामात वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात डीपीचा विषय निघतोच. हरभरा आणि गहू ओलिताखाली असतो, लाइन आली की मोटारी एकदम सुरू होतात, कुणी कंडेन्सर लावून दोनच फेजवर मोटार ओढतो, आणि तीनपैकी एका फेजवर भार वाढत जातो. शेवटी डीपी जळते. गंमत अशी, की पावसाळ्यातही तिन्ही फेजवरचा भार सारखा नसतो. कधी कधी तर तफावत रब्बीइतकीच असते. पण तेव्हा एकूण भारच इतका थोडा, की कुणाच्या लक्षातही येत नाही. डीपीची वायंडिंग जळते ती तिच्यातून वाहणाऱ्या अँपिअरने. दुसऱ्या फेजवर किती भार आहे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

अणुभट्टी कमी शक्तीवर चालते तेव्हा तिच्या मर्यादा कशा वाचायच्या, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं उत्तर डीपीपाशी सापडत नाही. त्यासाठी पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला जावं लागतं.

पाच हजार जुडगे, एक सरासरी

तारापूरचं अणुवीज केंद्र 28 ऑक्टोबर 1969 पासून व्यावसायिक तत्त्वावर वीज देऊ लागलं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या, अमेरिकी बनावटीच्या. त्यांची क्षमता पुढे प्रत्येकी 160 मेगावॉटवर आणली गेली. तिसरी आणि चौथी अणुभट्टी भारतीय बनावटीची, जड पाण्याची, प्रत्येकी 540 मेगावॉटची. चौथी 2005 मध्ये आणि तिसरी 2006 मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाली.

या 540 मेगावॉटच्या अणुभट्टीच्या गाभ्यात 392 आडव्या नळ्या आहेत. प्रत्येक नळीत इंधनाचे 13 जुडगे, म्हणजे एकूण 5,096 जुडगे. आणि प्रत्येक जुडग्यात 37 बारीक इंधनदांड्या. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ‘शक्ती 100 टक्के’ असं दिसतं, ती या सगळ्यांची मिळून झालेली बेरीज. प्रत्यक्षात कडेच्या जुडग्यांतून न्यूट्रॉन बाहेर निसटतात, म्हणून तिथे उष्णता कमी. मधल्या भागात ती जास्त. शिवाय या अणुभट्ट्यांमध्ये वीजनिर्मिती चालू असतानाच इंधन बदललं जातं. ताजा जुडगा बसला की त्याच्या आसपास शक्ती थोडी वर चढते.

इंधनाला सरासरी ठाऊक नसते. युरेनियम ऑक्साइड उष्णता फार हळू वाहून नेतं, त्यामुळे बाहेरून पाणी तीनशे अंशांच्या आसपास असलं तरी दांडीतल्या इंधनाच्या गोळीच्या मध्यावर तापमान हजार अंशांच्या पुढे जातं. एका मीटर लांबीच्या दांडीतून किती किलोवॉट बाहेर पडतात, यावर ते ठरतं. म्हणून सगळ्यात तापलेली जागा सरासरीच्या किती पट आहे, यावर मर्यादा घातली जाते. भारतात अशा मर्यादांना अणुऊर्जा नियामक मंडळाची मंजुरी लागते.

निम्म्या शक्तीवर मर्यादा दुप्पट का?

जगात सर्वाधिक वापरात असलेल्या, दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्ट्यांचं उदाहरण घेऊ. रत्नागिरीतल्या जैतापूरसाठी प्रस्तावित असलेल्या अणुभट्ट्या याच जातीच्या आहेत. हिशेबाला सोपे आकडे धरू. पूर्ण शक्तीवर सरासरी 18 किलोवॉट प्रतिमीटर, आणि सगळ्यात तापलेल्या जागेला सरासरीच्या अडीच पटींपर्यंत मुभा. म्हणजे कमाल 45 किलोवॉट.

शक्ती निम्म्यावर आणली, की सरासरी 9 होते. आता एखादी जागा सरासरीच्या पाच पट तापली, तरी आकडा 45 च राहतो. म्हणून अमेरिकी पद्धतीच्या नियमावलीत या गुणोत्तराची मर्यादा शक्तीच्या प्रमाणाने भागलेली असते. शक्ती घटते तशी मुभा वाढते. पण 50 टक्क्यांवर ही वाढ थांबते; त्याखाली मर्यादा दुपटीवरच गोठवलेली असते. तसं केलं नसतं, तर शून्याजवळ येता येता मुभा अनंत झाली असती आणि मर्यादेला अर्थच उरला नसता. 20 टक्के शक्तीवर सरासरी 3.6 किलोवॉट. पाच पट धरलं तरी 18. म्हणजे तिथे सगळ्यात तापलेली जागासुद्धा पूर्ण शक्तीवरच्या सरासरीपलीकडे जात नाही.

सगळ्या मर्यादा मात्र सारख्या सैल होत नाहीत. एका अख्ख्या दांडीच्या एकूण उष्णतेवरची मर्यादा निम्म्या शक्तीवर साधारण 15 टक्क्यांनीच वाढते, कारण तिथे प्रश्न दांडीभोवतीचं पाणी एकाएकी वाफेत बदलण्याचा असतो. गाभ्याच्या चार चतुर्थांशांमधला शक्तीचा कल आणि वरच्या-खालच्या अर्ध्यांमधला फरक, या दोन्हींच्या मर्यादा 50 टक्क्यांखाली सहसा लागू होत नाहीत. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये इंधनाच्या उष्णतेच्या मर्यादा साधारण 25 टक्के शक्तीपासून पुढे मोजल्या जातात. त्याखाली इंधनात साठलेली ऊर्जाच थोडी असते.

इथवर डीपीचं उदाहरण तंतोतंत लागू पडतं. यापुढे ते सोडून द्यावं लागतं.

झेनॉन हिशेब ठेवतो

युरेनियमचा अणू फुटल्यावर जे तुकडे होतात, त्यांत आयोडिन-135 असतो. त्याचा अर्धायुकाल साडेसहा तासांचा. त्यापासून झेनॉन-135 बनतो, त्याचा अर्धायुकाल नऊ तासांचा. न्यूट्रॉन गिळण्यात झेनॉनइतका खादाड अणू क्वचितच सापडतो. पूर्ण शक्तीवर बराचसा झेनॉन न्यूट्रॉन गिळून संपत राहतो. गाभ्याच्या एका बाजूला शक्ती थोडी घटली, की तिथला झेनॉन संपायचा वेग मंदावतो, आधी साठलेल्या आयोडिनपासून नवा मात्र बनतच राहतो, आणि ती बाजू आणखी दबते. दुसऱ्या बाजूला याच्या उलट घडतं. काही तासांनी पारडं फिरतं. मोठ्या गाभ्यात असे हेलकावे साधारण दिवसभराच्या लयीत चालू राहू शकतात आणि आवरले नाहीत तर वाढूही शकतात.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची रचना करताना हा प्रश्न समोर होता. 220 मेगावॉटच्या आधीच्या अणुभट्ट्यांचा गाभा लहान, त्यामुळे एका टोकाला झालेला बदल दुसऱ्या टोकाला लगेच कळतो. 540 मेगावॉटच्या गाभ्यात तसं होत नाही. म्हणून त्यात साध्या पाण्याचे 14 कप्पे ठेवले आहेत. साधं पाणी जड पाण्यापेक्षा जास्त न्यूट्रॉन शोषतं. ज्या भागात शक्ती वाढली, त्या कप्प्यातली पाण्याची पातळी वाढवायची, की तो भाग शांत होतो.

कमी शक्तीवर झेनॉन मुख्यतः आपल्याच क्षयाने नाहीसा होतो, म्हणून हेलकावे आपोआप विरतात. मग तिथे असमतोलाकडे दुर्लक्ष करावं का? दाबाखालच्या पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या एका प्रचलित नियमाने याचं सुरेख उत्तर दिलं आहे. वर-खालचा फरक ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला, तर 50 टक्क्यांच्या वर प्रत्येक मिनिट पूर्ण मोजायचं. 15 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान प्रत्येक मिनिट अर्धं मोजायचं. आणि 24 तासांत ही बेरीज एका तासापलीकडे जाऊ द्यायची नाही. कमी शक्तीवर झालेल्या असमतोलाने त्या क्षणी काही बिघडत नाही. पण त्या काळात झेनॉन वाकडातिकडा साठतो, आणि शक्ती वाढवायला घेतली की तोच असमतोल मोठ्या उष्णतेनिशी वर येतो.

थंड गाभ्याचा धोका वेगळा

उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत न्यूट्रॉन शोषून शक्ती आवरणारे नियंत्रक दांडे खालून वर सरकतात. एखादा दांडा वर अडकला आणि त्याला ओढणारी यंत्रणा खाली गेली, तर नंतर तो दांडा सुटून कोसळू शकतो. पूर्ण शक्तीवर गाभ्यात वाफेचे बुडबुडे भरपूर असतात आणि त्या अवस्थेत एका दांड्याचा प्रभाव मर्यादित राहतो. सुरुवातीच्या थंड गाभ्यात मात्र एकाच चुकीच्या दांड्याने एका कोपऱ्यातली शक्ती क्षणात अनेक पटींनी वाढू शकते. म्हणून 10 टक्क्यांखाली दांडे कोणत्या क्रमाने काढायचे, याचं बंधन असतं. वर गेल्यावर ते उठतं. म्हणजे उष्णतेच्या मर्यादा जिथे सैल होतात, नेमकी तिथेच दांड्यांची मर्यादा आवळते.

3 जानेवारी 1961 रोजी अमेरिकेतल्या आयडाहो इथे एसएल-1 या छोट्या लष्करी अणुभट्टीत हेच दिसलं. भट्टी बंद होती. देखभालीच्या कामात मधला दांडा हाताने गरजेपेक्षा कितीतरी जास्त वर ओढला गेला, आणि तीन कर्मचारी दगावले. चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी 26 एप्रिल 1986 च्या पहाटे 3,200 पैकी जेमतेम 200 मेगावॉट औष्णिक शक्तीवर होती, म्हणजे सुमारे 6 टक्के. झेनॉनमुळे तिच्या गाभ्यातली शक्ती वर आणि खाली अशी दोन ठिकाणी फुगली होती. त्या वेळी तिच्यावर जी चाचणी चालली होती, ती 700 मेगावॉट किंवा त्याहून जास्त शक्तीवर व्हायची होती. पण त्याखाली भट्टी चालवू नये, असं बंधन तेव्हाच्या नियमांत नव्हतं.

कमी शक्तीवर मोजमापही अवघड होतं. तारापूरच्या मोठ्या अणुभट्ट्यांच्या गाभ्यात व्हॅनेडियम आणि कोबाल्टचे न्यूट्रॉन-शोधक आहेत. कोबाल्ट झटपट सांगतो. व्हॅनेडियम अचूक, पण त्याचा संकेत पावणेचार मिनिटांच्या अर्धायुकालाच्या क्षयातून येत असल्याने सावकाश. शक्ती फार कमी असेल तर अशा शोधकांचे संकेत इतके क्षीण होतात, की गाभ्याबाहेरच्या आयन चेंबरवर विसंबावं लागतं. ते एकूण शक्ती सांगतात, आतल्या कानाकोपऱ्यांची खबर देत नाहीत.

आता हा प्रश्न का?

भारतातल्या अणुभट्ट्या आजवर बहुतांशी पूर्ण शक्तीवर, सलग चालवल्या गेल्या. पण दुपारची वीज बदलते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा सौर वीज देण्याची तयारी राज्यभर चालू आहे. 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार कोळशावरच्या संचांना भार 55 टक्क्यांपर्यंत खाली आणता आला पाहिजे. वाशिमशेजारच्या पारसचे 250 मेगावॉटचे दोन संचही कोळशावरचेच. फ्रान्समध्ये अणुभट्ट्याही मागणीप्रमाणे वर-खाली केल्या जातात. सौर वीज वाढली आणि 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज उभारण्याचं केंद्राचं उद्दिष्टही पुढे सरकलं, तर ही वेळ आपल्याकडेही येईल.

तेव्हा ‘अणुभट्टी कमी शक्तीवर, मर्यादा ओलांडली’ अशी बातमी वाचनात आली, तर घाबरण्याआधी आणि निर्धास्त होण्याआधीही तीन प्रश्न विचारा. सगळ्यात तापलेल्या जागी प्रत्यक्ष किती किलोवॉट होते? असमतोल किती वेळ टिकला? आणि ओलांडलेली मर्यादा उष्णतेची होती, की दांड्यांच्या क्रमाची? पहिल्याचं उत्तर बहुधा दिलासा देईल, दुसऱ्याचं उत्तर पुढच्या काही तासांबद्दल सांगेल. तिसऱ्याचं उत्तर ‘दांड्यांच्या क्रमाची’ असं आलं, तर शक्ती कितीही कमी असो, ती बातमी गंभीर समजा.