फुकटाच्या मालाचा व्यापार

गावात नळ येण्यापूर्वी घरोघर पाणी घालणारा कावडीवाला असे. नदी सर्वांची, पाणी सर्वांचे. कावडीवाल्याने नदीवर आपली मालकी कधी सांगितली नाही. तरीही महिनाअखेर त्याच्या हातावर पैसे पडत, आणि ते देताना पाण्याचे कसले पैसे, असे कोणी विचारीत नसे. आषाढातल्या गढूळ दिवसांतही वेळेवर दारात येणाऱ्या स्वच्छ घागरीचे ते मोल होते. संगणकाच्या जगात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जो एक चमत्कारिक व्यापार उभा राहिला आहे, तो समजून घ्यावयाचा तर हा कावडीवाला डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे.

संगणकाने काय करावयाचे हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेस सॉफ्टवेअर म्हणतात. या सूचना प्रथम माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिल्या जातात आणि मग यंत्राला कळतील अशा रूपात उतरविल्या जातात. बहुतेक व्यापारी कंपन्या गिऱ्हाइकास हे दुसरे, यांत्रिक रूप तेवढे देतात. मूळ लेखन कुलपात राहते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची रीत याच्या उलट. त्यात मूळ लेखनही हाती येते आणि ते वापरण्याची, पाहण्याची, बदलण्याची व दुसऱ्यास देण्याची मुभा परवान्यातच लिहिलेली असते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, असे या पंथाचे लोक आवर्जून सांगतात आणि ते शब्दशः खरेही आहे. विकण्यास कोणतीही बंदी नाही. परंतु व्यवहार काय सांगतो? पहिल्या गिऱ्हाइकाने विकत घेतलेली प्रत तो दुसऱ्यास विनामूल्य देऊ शकतो, आणि दुसरा तिसऱ्यास. अशा वस्तूची किंमत शून्याकडे घसरणारच. मग ती घडविणाऱ्यांनी खावे काय?

या प्रश्नाशी पहिली गाठ पडली ती रिचर्ड स्टॉलमन यांची. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' या मुक्त संगणकप्रणालीचा संकल्प जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील नोकरी सोडली. आपल्या 'ईमॅक्स' या लेखनसाधनाच्या चुंबकीय फिती १५० डॉलरला एक याप्रमाणे विकून त्यांनी काही काळ गुजराण केली. ज्यांना आंतरजालावरून ते विनामूल्य उतरवून घेता येत होते त्यांना कोणतीही आडकाठी नव्हती. ज्यांना ती सोय नव्हती ते फितीचे पैसे मोजीत. एका माणसाचे त्यात भागले. पंधरा-वीस माणसांची कचेरी त्यावर चालली नसती.

१९८९ साली मायकेल टीमन, जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेन्केल-वॉलेस या तिघांनी अमेरिकेत 'सिग्नस' नावाची कंपनी काढली. वस्तू फुकट, पण तिच्यासंबंधीची मदत विकावयाची, हा त्यांचा धंदा. नवा प्रोसेसर बनविणाऱ्या कारखानदारास 'ग्नू'ची साधने त्यावर चालवून हवी असत. ते काम सिग्नसची माणसे मोबदला घेऊन करीत आणि केलेले काम पुन्हा सर्वांसाठी मोकळे होई. वकिलाचा व्यवसाय असाच नाही का? कायदा सर्वांना खुला, न्यायालयांचे निवाडेही छापलेले. तरी कज्जा उभा राहिला की माणूस वकिलाकडेच जातो.

मात्र या धंद्यास खरे बाळसे आणले ते 'रेड हॅट'ने. १९९१ साली लिनस टॉरवल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने लिनक्स हा संगणकप्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. तो 'ग्नू'च्या साधनांशी जोडला की पूर्ण प्रणाली तयार होई, परंतु ही जोडाजोड सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. उत्तर कॅरोलिनातील मार्क यूइंग या तरुणाने ती करून एक नीटस संच तयार केला. आजोबांनी दिलेली तांबडी टोपी तो घालीत असे, त्यावरून संचाचे नाव पडले. बॉब यंग हा कॅनडात जन्मलेला विक्रेता त्या सुमारास पत्नीच्या शिवणकामाच्या खोलीतून संगणकसामानाची टपालविक्री चालवीत होता. त्याने यूइंगचा माल घेतला, तो खपला, आणि १९९५ साली दोघांचे धंदे एक झाले.

आरंभी रेड हॅट तबकड्यांची खोकी विकीत असे. ११ ऑगस्ट १९९९ रोजी कंपनीचे समभाग बाजारात आले; १४ डॉलरचा समभाग त्याच दिवशी ५२ डॉलरवर गेला. ज्या स्वयंसेवकांच्या श्रमावर हा माल उभा होता, त्यांनाही त्यांत भाग घेण्याची संधी कंपनीने देऊ केली होती. पण समभाग चढला म्हणून खोक्यांतून पोट भरू लागले असे नव्हे. आंतरजाल वेगवान झाले तशी तबकडी विकत घेण्याची गरजच सरत चालली. शिवाय एकदा खोके नेलेला गिऱ्हाईक पुन्हा वर्षभर दुकानात फिरकत नसे.

२००२-०३ च्या सुमारास कंपनीने मोठे धाडस केले. खोक्यांची विक्री बंद केली. हौशी व नव्याची आवड असलेल्या लोकांकरिता 'फेडोरा' नावाची प्रणाली विनामूल्य चालू ठेवली आणि बँका, सरकारी खाती, विमाकंपन्या यांच्याकरिता वेगळी, सावकाश बदलणारी प्रणाली वार्षिक वर्गणीवर देऊ केली. ही वर्गणी नेमकी कशाची, हे पाहणे उद्बोधक आहे. मूळ लेखन तर मोकळेच होते. वर्गणीदारास मिळे ती तपासून पारखून तयार केलेली आवृत्ती. तिच्यात दोष सापडला की तातडीची दुरुस्ती. अमुक यंत्रावर, अमुक डेटाबेससह ती चालते अशी त्या त्या उत्पादकाची ग्वाही. आणि एकच आवृत्ती पुढे दहा दहा वर्षे सांभाळण्याचे वचन. बँकेच्या यंत्रशाळेत नव्या गोष्टीचे कौतुक नसते. काल चालले ते आज चालावे, एवढीच तिथे अपेक्षा. म्हणून जुन्या आवृत्तीस धक्का न लावता नवी दुरुस्ती तिच्यात बसविणे हे कंटाळवाणे काम रेड हॅटने अंगावर घेतले आणि त्या कंटाळ्याचे पैसे घेतले. असले काम हौसेखातर कोणी वर्षानुवर्षे करीत नाही. या धंद्याचे मर्म येथे आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलेल्या वर्षात कंपनीचे उत्पन्न १०० कोटी डॉलरच्या वर गेले. २०१९ साली आयबीएमने ३४०० कोटी डॉलर मोजून ती विकत घेतली. पुण्यातही तिची मोठी कचेरी आहे, आणि भारतीय लिप्यांसाठी तिने मोकळ्या केलेल्या 'लोहित' टंकांत देवनागरीही आहे.

या यशाला पहिल्यापासून एक शेजारी होता. २००४ पासून 'सेंटओएस' नावाने काही लोक रेड हॅटचेच मूळ लेखन घेऊन, तिची नाममुद्रा तेवढी काढून, तीच प्रणाली विनामूल्य देत. यात काहीही गैर नव्हते, परवानाच तसा होता. रेड हॅटनेही २०१४ साली या मंडळींना आपल्या घरात घेतले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएसचे ते रूप बंद करण्याची घोषणा झाली. ज्यांनी त्यावर आपली यंत्रे बसविली होती ते रुष्ट झाले, आणि 'रॉकी लिनक्स' व 'अल्मालिनक्स' ही नवी घरे उभी राहिली. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या व्यापारी प्रणालीचे नेमके मूळ लेखन सर्वांसमोर मांडणेही थांबविले. ते केवळ गिऱ्हाइकांस मिळू लागले. परवाना सांगतो ते एवढेच, की ज्यास तयार माल दिला त्यास मूळ लेखनही द्यावे; साऱ्या जगास द्यावे असे तो सांगत नाही. कायद्याचे अक्षर राखले गेले असेल, पण ज्या सद्भावावर हजारो लोकांनी आपले काम त्यात ओतले होते त्याला तडा गेला, ही टीकाकारांची तक्रार सहजासहजी उडवून लावता येत नाही.

दुसरी एक वाट 'मायएसक्यूएल'ची. हा डेटाबेस मायकेल विडेनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली स्वीडनमध्ये काढला. परवान्याची अट अशी, की जो तो आपल्या मालात गुंफून विकील त्याने आपलाही माल मोकळा करावा. ज्यास ते नको त्याने पैसे देऊन वेगळा परवाना घ्यावा. ही युक्ती चालली. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे १०० कोटी डॉलरला कंपनी घेतली. २०१० साली सनच ओरॅकलकडे गेली. तत्पूर्वीच विडेनियस यांनी 'मारियाडीबी' हा नवा फाटा काढला होता. 'माय' हे त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव आणि 'मारिया' हे धाकटीचे. कंपनी विकली जाते, मुली आपल्याच राहतात.

परंतु अलीकडे या साऱ्या युक्त्यांस एक निराळाच प्रतिस्पर्धी भेटला आहे. ॲमेझॉनसारख्या कंपन्या मोकळे सॉफ्टवेअर आपल्या प्रचंड यंत्रशाळांत चालवून भाड्याने देतात. माल हातोहात दिला जात नाही, म्हणून जुन्या परवान्याची अट लागू पडत नाही. नदी तीच, पण कावडीवाल्याच्या शेजारी नळयोजना आली. 'इलॅस्टिक' कंपनीने २०२१ मध्ये आणि 'रेडिस'ने मार्च २०२४ मध्ये चिडून परवाने आवळले. परिणाम काय? ॲमेझॉनने 'ओपनसर्च' हा फाटा काढला, रेडिसचा 'व्हाल्की' झाला, आणि दोन्ही कंपन्यांनी पुढे, एकीने २०२४ मध्ये व दुसरीने २०२५ मध्ये, मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा खुला केला. तोवर जुने सहकारी दुसऱ्या घरी रुळले होते.

कोणताच व्यापार ज्याभोवती उभा राहत नाही अशा सॉफ्टवेअरची गत याहून वाईट. 'ओपनएसएसएल' हे साधन आंतरजालावरचे व्यवहार गुप्त राखते. बँकेचा सांकेतिक शब्द टाइप करणारा प्रत्येकजण कळत नकळत अशाच साधनावर भिस्त ठेवतो. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. यंत्राच्या स्मृतीतील गुप्त मजकूर परक्यास वाचता यावा असा तो दोष दोन वर्षे दडून होता. मग चौकशीत कळले, की या साधनावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच, आणि वर्षाच्या देणग्या सुमारे २००० डॉलर! ते वापरणाऱ्यांत जगातल्या धनाढ्य कंपन्या होत्या. वस्तू मोकळी आहे, तेव्हा तिची निगा कोणीतरी राखीत असेलच, असे प्रत्येकाने गृहीत धरले होते.

मुंबईत २००८ साली ऋषभ मेहता यांनी सुरू केलेल्या 'फ्रापे' कंपनीचे उदाहरण अधिक जवळचे. हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे तिचे 'ईआरपीनेक्स्ट' हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोकळे आहे. एखाद्या कारखानदारास ते उतरवून आपल्याच संगणकावर बसविता येते आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. ज्यास रात्रीबेरात्री यंत्र बंद पडण्याची चिंता नको असते तो कंपनीच्याच यंत्रांवर ते भाड्याने चालवितो. बंगळूरच्या झिरोधा या दलाली कंपनीच्या रेनमॅटर शाखेने २०२० मध्ये फ्रापेत भांडवल घातले. झिरोधाचा स्वतःचा कारभारही पुष्कळसा मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने असे सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांसाठी दरसाल १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तो मागणाऱ्याने आपल्या कामाची आणि गरजेची माहिती एका ठरावीक नमुन्यात लिहून स्वतःच्याच प्रकल्पासोबत उघड ठेवावयाची असते.