‘खोकत होते’ याचें इंग्रजी

साकीनाक्याच्या एखाद्या कारखान्यांत काम करणारा तरुण आपल्या आजारी वडिलांना दवाखान्यांत नेत आहे, अशी कल्पना करा. गांवच्या डॉक्टरांनीं त्यांना पूर्वीं तपासलें होतें. ती हकीकत तो इंग्रजींत लिहून देतो: ‘व्हेन द डॉक्टर सॉ हिम, ही वॉज कॉफिंग.’ त्याच्या मनांत तीन आठवड्यांचा खोकला आहे. वाचणाऱ्याला मात्र त्या भेटीच्या वेळचाच खोकला दिसतो. दोन आठवडे वा अधिक टिकलेल्या खोकल्यास क्षयाची तपासणी करावी, असा आपल्याकडे दंडक आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ परीक्षेंतील गुणांचा नव्हे.

त्यानें लिहावयास हवें होतें: ‘ही हॅड बीन कॉफिंग फॉर थ्री वीक्स व्हेन द डॉक्टर सॉ हिम.’ यांतील ‘हॅड बीन’ आपल्याला भेटीच्याही मागें नेतें, आणि ‘-इंग’ तेथपासून चालत आलेली क्रिया दाखवितें.

आपण अडखळतों तें मराठीच्या संवयीमुळें. ‘खोकत होते’ या एकाच रूपावर आपण दोन्ही अर्थ लादतों, आणि काळाचें माप ‘तीन आठवड्यांपासून’ या शब्दांवर सोपवितों. यांत मराठीचें दारिद्र्य मुळींच नाहीं. ‘वर्षानुवर्षें सोसत आला होता’ असें आपण म्हणतोंच. ‘रडून रडून तिचे डोळे लाल झाले होते’ येथें रडणें थांबलें, खूण उरली. इंग्रज तेथें ‘शी हॅड बीन क्राइंग’ म्हणेल. मला तर आपलें ‘रडून रडून’च अधिक बोलकें वाटतें!

दुसरा चकवा ‘पासून’चा. ‘आठ वाजल्यापासून’ येथें ‘सिन्स’, कारण आरंभाचा क्षण सांगितला. ‘वीस मिनिटांपासून’ येथें ‘फॉर’, कारण तें माप आहे. मराठीला दोहोंस एकच शब्दयोगी अव्यय पुरतें, म्हणून ‘सिन्स ट्वेंटी मिनिट्स’ जिभेवर येतें.

‘ओळखणें’, ‘माहीत असणें’ अशा स्थितिदर्शक क्रियापदांना मात्र हें रूप सहसा लावीत नाहींत. ‘आय हॅड नोन हिम फॉर इयर्स’ एवढेंच म्हणावें.

आतां हें वाक्य करून पाहा: २०१४ सालीं मेट्रो सुरू झाली तेव्हां साकीनाक्याचे लोक कित्येक वर्षांपासून रस्त्यानेंच घाटकोपरला जात होते. ‘व्हेन द मेट्रो ओपन्ड इन ट्वेंटी फोर्टीन, पीपल फ्रॉम साकीनाका हॅड बीन गोइंग टु घाटकोपर बाय रोड फॉर इयर्स.’