काटा किलोत बोलतो, भाव क्विंटलचा

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, ट्रॅक्टर काट्यावर चढतो आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. एवढ्याचं सॉफ्टवेअर करायचं तरी वजन, भाव, वजावट आणि बँक असे निदान चार घटक हवेत. प्रत्येकाने आपली सेवा द्यायची, दुसऱ्याची घ्यायची, हीच सेवाधारित रचना.

गैरसमज: घटक तयार असले की जोडणी म्हणजे नुसतं प्लग लावणं.

वस्तुस्थिती: समजा, काट्याने २४५० हा आकडा पाठवला आणि भाव आहे क्विंटलला १८०० रुपये. आकड्याला आकडा मिळाला, जोडणी विनातक्रार चालली. खरी रक्कम ४४,१०० रुपये. पण वजन किलोत आहे हे समोरच्या घटकाला ठाऊक नसेल, तर पट्टीवर येतील ४४,१०,००० रुपये! म्हणून सेवेच्या करारात एककही लिहावं लागतं. असं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या नव्या मुलांनी कोडला हात लावण्याआधी बाजार समितीत जाऊन एक पट्टी ओळन्‌ओळ वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: कॉन्फिगरेशन म्हणजे फाइलमधला आकडा, त्याला टेस्टिंग कशाला?

वस्तुस्थिती: २०१६ साली राज्यात फळं-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. शेतकऱ्याच्या पट्टीतला अडतीचा दर शून्य करणं, हे झालं कॉन्फिगरेशन. पण तीच अडत खरेदीदाराच्या बिलात चढवायची तर अडतीचा हिशोब त्या बिलाच्या घटकाला जोडावा लागतो. म्हणजे जोडणीच बदलते. पहिलं केलं आणि दुसरं राहिलं, तर एकही सेवा बंद पडत नाही, एरर येत नाही. अडत मात्र कुणाकडूनच वसूल होत नाही. हमाली-तोलाईचा दर बदलला तरी जुन्या पाच-दहा पट्ट्या नव्या सेटिंगवर चालवून आकडे ताडून पाहायलाच हवेत.

गैरसमज: सेवाधारित रचना म्हणजे वेब सर्व्हिस.

वस्तुस्थिती: वेब सर्व्हिस हा निरोप पोचवायचा एक मार्ग. २००७ साली सर्व्हिस कंपोनंट आर्किटेक्चरचा १.० आराखडा आला, त्यात कोणता घटक कुणाला आणि कोणत्या मार्गाने जोडायचा हे कोडबाहेर, एक्सएमएल फाइलमध्ये लिहायची सोय होती. आज तो आराखडा क्वचितच दिसतो, पण कोड आणि जोडणीची ही फारकत टिकली आणि ती फार मोलाची आहे. बाजारात नेट गेलं तर बँकेला जाणारा निरोप रांगेत थांबू शकतो, हिशोबाचा कोड तोच राहतो. फक्त त्या निरोपावर पट्टीचा क्रमांक हवा आणि बँकेच्या घटकाने तो तपासायला हवा. नाहीतर नेट आल्यावर तोच निरोप पुन्हा गेला, तर एकाच ट्रॅक्टरचे पैसे दोनदा जातील.